म्हाइंभट : रिद्धपूरचा विद्यार्थी



परतवाड्याहून चांदूर बाजारमार्गे मोर्शीच्या दिशेने गेलात, तर संत्र्यांच्या बागांमधून जाणारा रस्ता आपणांस रिद्धपुरास नेऊन पोहोचवतो. आपल्यापैकी कित्येकांनी हे गाव पाहिले असेल, काहींनी निदान बसच्या खिडकीतून. महानुभाव पंथात त्यास परमेश्वरपूर म्हणतात. अभ्यासकेंद्रापासून इतक्या जवळ असूनही आपल्या अभ्यासक्रमात ते बहुधा एका ओळीत उरकले जाते. या घटकात आपण त्या गावी काहीसा अधिक वेळ थांबणार आहोत. कारण मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तेथे सिद्ध झाला, आणि तो सिद्ध करणारा म्हाइंभट नावाचा पंडित तेथे एक विद्यार्थी म्हणून राहत होता.

एखादी जुनी शाळा तिच्या एका विद्यार्थ्यामुळे वाङ्मयीन संग्रहालय झाल्याची उदाहरणे जगात आहेत. रशियात त्सारस्कोये सेलो येथे पुश्किन १८११ साली ज्या विद्यालयात दाखल झाला, ती इमारत आज त्याच्या विद्यार्थिदशेचे संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. इंग्लंडमधील हॉक्सहेड गावच्या जुन्या शाळेत वर्ड्‌स्वर्थने कोरलेले आपले नाव बाकावर अजून दाखवतात. रिद्धपुरात असा बाक नाही आणि हजेरीपटही नाही. तेथे आहेत ते ओटे. गोविंदप्रभू जेथे बसले, जेथे जेवले, जेथे निजले, अशा एकेका जागेवर महानुभावांनी ओटा बांधून ती जागा राखली. तिला ते ‘स्थान’ म्हणतात. अशा स्थानांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ नावाची स्वतंत्र पोथीदेखील त्यांच्यापाशी आहे. ग्रंथातील प्रसंग वाचावा आणि गावात जाऊन त्याची जागा पाहावी, असे हे उघड्यावरचे संग्रहालय आहे. आत प्रवेश करण्यासाठी तिकिटाची नव्हे, ‘लीळाचरित्र’ आणि ‘श्रीगोविंदप्रभुचरित्र’ या दोन ग्रंथांची गरज असते, आणि हे दोन्ही ग्रंथ म्हाइंभटांचे आहेत.

म्हाइंभट मूळचे या बाजूचे नव्हेत. त्यांचे गाव गोदावरीकाठचे सराळे. जन्माने ब्राह्मण, घरचे संपन्न, शास्त्रांचे व्यासंगी. विशेषतः प्रभाकर मीमांसेचे जाणकार अशी त्यांची ख्याती होती. मीमांसा म्हणजे वैदिक वाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे शास्त्र. शब्द, वाक्य, विधी आणि अर्थ यांची इतकी काटेकोर चिकित्सा इतर शास्त्रांत क्वचितच सापडेल. पुढे म्हाइंभटांनी मराठीत जे काम केले त्यामागे ही शिस्त होती, असे मला वाटते. अर्थात हे माझे अनुमान आहे आणि आपण ते तपासून घ्यावे. विद्वत्तेबरोबर विद्वत्तेचा ताठाही त्यांच्याकडे होता. भर दिवसा मशाल पेटवून हिंडावे, म्हणजे आपल्या तोडीचा दुसरा पंडित नाही हे जगाला कळावे, अशी त्यांची वागणूक असल्याचे परंपरा सांगते.

या पंडिताची आणि चक्रधरस्वामींची भेट गोदातीरीच डोमेग्राम येथे झाली. चक्रधरांचा जन्म भडोचचा, मूळ नाव हरिपाळदेव. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, वाटेत रिद्धपुरी त्यांना गोविंदप्रभूंचे दर्शन घडले आणि तेथून त्यांचे जीवन पालटले. त्यानंतर त्यांनी दीर्घकाळ सालबर्डीच्या डोंगरात एकांतात काढला. हे सालबर्डीही आपल्याच मोर्शी तालुक्यातले. पुढे गोदावरीच्या खोऱ्यात हिंडताना त्यांनी शिष्य मिळवले, ते शास्त्रार्थाच्या सभा भरवून नव्हे. ते लोकांशी लोकांच्या भाषेत बोलत; दृष्टान्त देत ते शेतातले, घरातले, बाजारातले. त्यांच्या भोवती स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि त्या प्रश्न विचारीत. म्हाइंभट वादाच्या तयारीने आले होते. वाद झाला आणि ते निरुत्तर झाले. हा सारा प्रसंग पुढे लीळाचरित्रात आला आहे. तो लिहिणारे खुद्द म्हाइंभटच होते. स्वतःला त्यांनी तृतीय पुरुषात, इतर पात्रांसारखेच एक पात्र म्हणून आणले आणि आपली फजिती झाकली नाही. अशा जागी लेखणी जराशी अडखळणे साहजिक होते. चरित्रकाराची पहिली कसोटी तेथे लागते.

एका वादात हरल्याने माणूस लगेच बदलतो, असे मात्र समजू नका. म्हाइंभट चक्रधरांकडे येत-जात राहिले, तरी घरदार सोडून त्यांच्यामागे निघालेल्यांत ते तेव्हा नव्हते. इसवी सन १२७४ च्या सुमारास चक्रधर शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या परिवारास रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सेवेत राहण्याची आज्ञा केली होती. त्याप्रमाणे नागदेवाचार्य, महदाइसा आणि इतर शिष्य वऱ्हाडात आले. म्हाइंभटही आले. येथून त्यांचे दुसरे शिक्षण सुरू होते.

हे शिक्षण कसे होते? गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राउळ, जवळच्या काटसुरे गावी जन्मलेले. लहानपणीच आईवडील गेले आणि नातलगांनी त्यांना रिद्धपुरी आणले. येथेच बोपा उपाध्यायांकडे त्यांचे अध्ययन झाले. म्हणजे रिद्धपूर ही मुळात गोविंदप्रभूंचीही शाळाच होय. परंतु म्हाइंभट आले तेव्हा राउळ कोणालाही काही शिकवत नव्हते. त्यांचे वागणे लोकरीतीस धरून नव्हते. मनात येईल तेव्हा हसावे, रागवावे, कोणाच्याही घरात शिरावे, दुकानातले उचलून खावे, मुलांत खेळावे. ब्राह्मणांच्या घरी जावे तसेच महारवाड्यात आणि मांगवाड्यात जावे. गावातले काही त्यांना वेडे म्हणत, काही देव म्हणत, आणि पुष्कळजण एकाच दिवशी दोन्ही म्हणत. घरातले मूल आजारी पडले वा कोणती अडचण आली, की बायका मात्र त्यांच्याकडेच धाव घेत.

अशा गुरूच्या सान्निध्यात मीमांसेचा पंडित बारा वर्षांहून अधिक काळ राहिला. येथे सूत्र नाही, भाष्य नाही, पूर्वपक्ष नाही आणि सिद्धान्तही नाही. समोर फक्त एक माणूस आहे आणि तो काय करतो, कोणाशी काय बोलतो, एवढेच पाहायचे आणि लक्षात ठेवायचे आहे. म्हाइंभटांसारख्या मनुष्यास हे किती कठीण गेले असेल याची कल्पना, नोकरी-संसार सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या आपल्यासारख्यांना अधिक चांगली येईल. नवे शिकण्यापेक्षा आपण जाणतो ही जाणीव बाजूला ठेवणे अधिक अवघड असते. वयाच्या विशीतला विद्यार्थी या अडचणीपासून मोकळा असतो.

याच काळात रिद्धपुरी मराठीत इतरही काही घडत होते. गोविंदप्रभूंच्या विवाहाचा खेळ मांडला गेला, तेव्हा महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आपण तिचा अभ्यास दुसऱ्या घटकात करणार आहोत, म्हणून येथे केवळ उल्लेख पुरे. लक्षात घ्यायचे ते हे, की ग्रंथ आणि गीत ही दोन्ही या एकाच लहानशा परिवारातून आली आणि त्यात पंडित व अपंडित, पुरुष व स्त्रिया सरमिसळ होते.

१२८५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत गोविंदप्रभूंचे निधन झाले. परिवार पोरका झाला. नागदेवाचार्य रिद्धपुरातच वाजेश्वरीच्या स्थानी बसून चक्रधरांच्या लीळांचे मनोमन स्मरण करीत. म्हाइंभटांनी त्यांना ते काय करीत आहेत असे विचारले, आणि उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रश्न केला. ज्यांनी स्वामींना पाहिले ते आज आठवू शकतात; ज्यांनी पाहिले नाही, जे अजून जन्मलेही नाहीत, त्यांनी काय करावे? या प्रश्नातून लीळाचरित्र निघाले. नागदेवाचार्यांनी सांगावे आणि म्हाइंभटांनी लिहून घ्यावे, असा क्रम सुमारे सहा महिने चालला. परंतु नागदेव प्रत्येक प्रसंगी हजर नव्हते. तेव्हा म्हाइंभट उठले आणि जो प्रसंग ज्याने पाहिला, त्याच्याकडे तो विचारण्यासाठी गेले. मिळालेली आठवण नागदेवाचार्यांपुढे ठेवून तपासून घेतली आणि मगच ती ग्रंथात आली.

ग्रंथाच्या नेमक्या सालाविषयी मतभेद आहेत. १२७८ हे साल अनेक पुस्तकांत आढळते. गोविंदप्रभूंच्या निधनानंतरची घटना मानली तर ते काही वर्षे पुढे जाते. परीक्षेत आपण तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीतला ग्रंथ असे लिहिलेत तरी चालेल, मात्र मतभेद का आहे ते लिहा. ‘एकांक’, ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ असे त्याचे तीन भाग आहेत आणि लीळांची संख्या हजाराहून अधिक आहे. त्यानंतर गोविंदप्रभूंच्या तीनशेंहून अधिक लीळांचे स्वतंत्र चरित्रही म्हाइंभटांनी सिद्ध केले. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ओवीचे ते शिखर आणि गद्याचे हे शिखर जवळजवळ एकाच पिढीतली आहेत. आपल्याकडे पहिल्याची जितकी पारायणे झाली, तितकी दुसऱ्याची पानेही उलटली गेली नाहीत.

आता भाषेकडे वळू. मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी असल्याने येथे थोडा अधिक रेंगाळतो, त्याबद्दल क्षमा असावी. संस्कृत शास्त्रग्रंथांत मुरलेला मनुष्य मराठी लिहू लागला, तर त्याचे मराठी समासांनी जड होईल अशी आपली अपेक्षा असते. म्हाइंभटांचे वाक्य आखूड आहे. कोण आले, काय म्हणाले, त्यावर स्वामी काय म्हणाले, मग काय झाले. विशेषणे थोडी, उपमा बहुधा बोलणाऱ्याच्या तोंडची. वर्णन करणारा स्वतः मधे येत नाही. ‘म्हणीतले’ हे एक क्रियापद पानोपानी येते आणि त्याच्या आधाराने संवाद पुढे सरकतो. स्वामींच्या हालचालींसाठी मात्र आदराचे शब्द ठरलेले आहेत. ते जात नाहीत, ‘बिजें’ करतात; जेवत नाहीत, त्यांची ‘आरोगणा’ होते; निजणे म्हणजे ‘पहुड’ आणि उठणे म्हणजे ‘उपहुड’. बाकी लोक साधेच जातात, जेवतात आणि भांडतात. आदराची आणि रोजची अशा दोन थरांची ही मराठी एकाच वाक्यात शेजारी नांदते, आणि तेराव्या शतकात घरात व रस्त्यात कसे बोलत असतील याचा इतका विस्तृत पुरावा आपल्याला अन्यत्र मिळत नाही. त्यापूर्वीचे शिलालेख आहेत, पण शिलालेखात कोणी कोणाशी गप्पा मारीत नाही.

यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे आठवणींतील भेद कसा हाताळावा याची या परंपरेत रुजलेली रीत. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर एकाला खोटे ठरवून दुसरा ठेवणे सोपे होते. तसे न करता भिन्न पाठ नोंदवला जातो आणि तो कोणाचा हेही सांगितले जाते. अशा पाठभेदास महानुभावांनी ‘वासना’ आणि ‘शोध’ हे शब्द वापरले. ‘वासना’ या शब्दाचा हा अर्थ आज आपल्याला चमत्कारिक वाटतो. जुने ग्रंथ वाचताना ओळखीचे शब्दच अधिक फसवतात, हे ध्यानात असू द्या.

या रीतीची किंमत मला स्वतःच्या चुकीतून कळली. प्रबंधासाठी मी परतवाडा-अचलपूर भागातील खेड्यांतून बोलीचे नमुने गोळा करीत होतो. एका वृद्ध बाईंनी आपल्या माहेरची हकिकत तासभर सांगितली. रात्री ध्वनिफीत ऐकून उतरवताना माझ्याही नकळत मी त्यांचे ‘मले’ हे ‘मला’ केले, ‘करून राह्यला’ हे ‘करत आहे’ असे लिहिले, आणि जेथे त्या एकच गोष्ट दोनदा, दोन तऱ्हांनी बोलल्या होत्या, तेथे मला बरी वाटली ती ठेवली. मार्गदर्शकांनी चार पाने पाहिली आणि हे बाईंचे बोलणे नसून माझे असल्याचे सांगितले. दरम्यान ती फीत मी काटकसरीपोटी दुसऱ्या ध्वनिमुद्रणासाठी वापरली होती. पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा बाई राहिल्या नव्हत्या. ती चार पाने अजून माझ्या कपाटात आहेत; व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि निरुपयोगी. सातशे वर्षांपूर्वी, हाती कोणतेही यंत्र नसताना, संस्कृत विद्येचा पूर्ण अधिकारी असलेला एक मनुष्य दुसऱ्याचे बोलणे सुधारण्याचा मोह आवरतो, हे त्यानंतर मी फार निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो.

हा मोह त्या परिवारात सर्वांनाच आवरला असे नाही. केशिराजबास हे म्हाइंभटांसारखेच पंडित. त्यांनी लीळाचरित्रातून चक्रधरांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ आणि ‘दृष्टान्तपाठ’ तयार केले. हे काम मराठीत झाले. मात्र त्यांची प्रतिभा संस्कृत रचनेकडेही ओढ घेत होती. तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिले तर परिवारातील म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही आणि त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची हरकत होती. ही गोष्ट पुस्तकांतून मातृभाषेच्या अभिमानाची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती अभिमानाची नाही. समोर बसलेल्या काही ठराविक बायकांची ती काळजी आहे, आणि म्हणून अधिक खरी वाटते.

म्हाइंभटांच्या स्वतःच्या हातची पोथी मात्र टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, यादवांच्या राज्यावर खिलजींच्या स्वाऱ्या होत असतानाच्या धामधुमीत ती नाहीशी झाली. ज्यासाठी एवढी खटपट केली तेच हरवले. नागदेवाचार्यही तोवर राहिले नव्हते किंवा शेवटच्या दिवसांत होते. तेव्हा ज्यांनी ग्रंथ पाठ केला होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. त्यात हिराइसा नावाच्या स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. तिच्या पाठांतरावरून सिद्ध झालेला पाठ हिराइसापाठ म्हणून ओळखला जातो. परशरामबास, रामेश्वरबास यांचे पाठही आहेत. म्हणजे आपण आज वाचतो ते लीळाचरित्र माणसांच्या तोंडून म्हाइंभटांच्या कागदावर आले, कागदावरून पुन्हा माणसांच्या तोंडी गेले आणि तेथून परत कागदावर उतरले. या प्रवासात किती शब्द बदलले असतील, हा आपल्या शास्त्रातला एक खडतर प्रश्न आहे. मूळ संहिता अशी काही वस्तू हाती लागेल या आशेवर काम करणाऱ्याची येथे निराशा होते.

पुढे ग्रंथ मठांत गेले आणि ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. पंथाबाहेरच्या मराठी वाचकास ते शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा होऊ लागला, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरणच नव्याने लिहावे लागले. या कामात विदर्भातील संशोधकांचा वाटा मोठा आहे: यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आणि बुलढाणा जिल्ह्यातून आलेले वि. भि. कोलते. कोलत्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. गोविंदप्रभुचरित्राचे इंग्रजी भाषांतर अॅन फेल्डहाउस यांनी १९८४ साली केले, आणि पुढे शं. गो. तुळपुळे यांच्यासमवेत प्राचीन मराठीचा कोश सिद्ध केला. त्या कोशाचे कोणतेही पान उघडा, म्हाइंभटांनी टिपलेला एखादा शब्द समोर येण्याचा संभव मोठा आहे.

म्हाइंभटांच्या अखेरच्या दिवसांविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. ज्याने इतरांच्या आठवणींचा इतका बारीक हिशेब ठेवला, त्याच्या स्वतःच्या आयुष्याविषयी आपल्यापाशी फुटकळ नोंदीच आहेत, आणि त्याही बहुतेक त्याच्याच ग्रंथात इतरांच्या कथेच्या ओघात आलेल्या.

२०२४ साली रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावात पुन्हा विद्यार्थी येऊ लागले आहेत. आपण परतवाडा केंद्राचे विद्यार्थी असाल, तर संपर्कसत्राच्या एखाद्या रविवारी जाऊन या. जाताना गोविंदप्रभुचरित्रातील चार-पाच लीळा वाचून जा आणि त्यांची स्थाने तेथील मंडळींना विचारून शोधा. ओट्यापाशी उभे राहिल्यावर ग्रंथातील अंतरे आपोआप कळतात: कोणते घर कोणत्या घराच्या हाकेच्या अंतरावर होते, राउळ एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत किती पावलांत पोहोचत असतील. लीळाचरित्रात अळजपूर या नावाने येते ते आपले अचलपूर. ते संदर्भही वेगळे काढून ठेवा, पुढील घटकातील स्थलनामांच्या पाठात त्यांचा उपयोग होईल. आणि तेथे कोणी एखादी लीळा छापील पुस्तकापेक्षा निराळी सांगितली, तर ती सांगणाऱ्याच्या शब्दांत, जशीच्या तशी वहीत लिहून घ्या. शेजारी त्यांचे नाव लिहायला विसरू नका.